मी अँटिबायोटिक घेतच नाही, मग कोळंबी-चिकनमुळे मला रेझिस्टन्सचा (म्हणजे बॅक्टेरियावर औषध न चालण्याचा) त्रास कसा होईल?

तुम्ही म्हणताय की नीट शिजवून खाल्लं तर प्रश्न कुठे येतो. खरं सांगू का, ताटातल्या कोळंबीची मला तेवढी काळजी नाही, तलावातून खाडीत सोडलेल्या पाण्याची आहे.

माझ्या मावसभावाचे रत्नागिरीकडे खाडीला लागून दोन तलाव, व्हेनामी कोळंबीचे. एका वर्षी पांढरे ठिपके आले आणि रोज सकाळी कडेला मेलेल्या कोळंबीचा ढीग. खाद्य विकणाऱ्याने एक पावडर दिली, पाकिटावर धड नाव पण नाही, म्हणे खाद्यात मिसळा. आता व्हाइट स्पॉट हा व्हायरस, अँटिबायोटिकने तो मरतच नाही, म्हणजे पैसे गेले, कोळंबी पण गेली, आणि न खाल्लेलं औषधवालं खाद्य बसलं तळाच्या गाळात, ओहोटीला पाणी सोडलं की चाललं खाडीत.

त्या गाळात जे बॅक्टेरिया औषधाला पुरून उरतात ते वाढतात, हे ठीक, पण प्लाझमिड म्हणून डीएनएची छोटीशी रिंग असते, औषधाला पुरून उरायची युक्ती बऱ्याचदा तिच्यावरच असते, ती ते शेजाऱ्याला देऊन टाकतात, शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी. आपण रायवळावर हापूसची काडी बांधतो ना तसंच काहीसं, फक्त इथे माळी लागत नाही. त्याच खाडीत गावाचं सांडपाणी येतं, आणि तिथेच बायका तिसऱ्या काढतात, ज्या दिवसभर तेच पाणी गाळून जगतात.

चिकनचं म्हणाल तर कोलिस्टिन बघा. बाकी काही चालेनासं झालं की आयसीयूत काढायचं औषध, आणि कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून खाद्यातून देत होते! २०१५ मध्ये चीनमध्ये त्याच्या रेझिस्टन्सचा जीन प्लाझमिडवर सापडला, डुकरांत, मांसात आणि पेशंटमध्ये पण. आपल्याकडे जनावरांसाठी बंदी आली २०१९ मध्ये.

तुम्ही गोळी घेत नाही हे चांगलंच, पण असले बॅक्टेरिया आतड्यात गुपचूप राहतात, उद्या लघवीचं इन्फेक्शन झालं किंवा ऑपरेशन झालं की औषध चालत नाही हे तेव्हा कळतं. शिजवल्यावर ते मरतात हे बरोबर, पण कच्चं कापलेल्या विळीवरच कोशिंबीर चिरू नका.

भाऊ आता तलाव भेगा पडेपर्यंत सुकवतो आणि बीज (कोळंबीची पिल्लं) पीसीआर टेस्ट करून, व्हायरस नाही ना बघूनच आणतो. पावडरवाला अजून फोन करतो त्याला.