परकी होडी दिसली तर सांगायचं कुणाला?

प्रश्न : आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. माझे दीर सागर रक्षक दलात, म्हणजे किनाऱ्यावर नजर ठेवून पोलिसांना खबर देणाऱ्या गावकऱ्यांच्या दलात आहेत. गेल्या थंडीत रात्री एक होडी दिवा बंद ठेवून आत येताना दिसली म्हणून त्यांनी फोन केला, तर त्यांनाच बोलावून दोन तास बसवून ठेवलं, एवढ्या रात्री तू तिथं काय करत होतास म्हणून. सासूबाई म्हणतात परत फोनच करायचा नाही. काय करावं?
– एक वाचक, रायगड

उत्तर : ताई, सासूबाईंचा राग पटतो, तरी दिरांना थांबवू नका. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स नि हत्यारं तुमच्याच बाजूला, शेखाडी-दिघीला उतरली, आणि काही पोलीस नि कस्टमवाल्यांचे हात ओले झाले होते हे कोर्टात सिद्ध झालंय, म्हणजे ज्याला सांगायचं तोच फितूर. २६/११ ला मुंबईत कुलाब्याला, बधवार पार्कच्या कोळीवाड्यात रबरी होडीतून पोरं उतरली, पाठीला जड सॅक, कोळ्यांनी हटकलंसुद्धा कोण रे तुम्ही म्हणून, उलट उत्तर मिळालं नि तासाभरात लिओपोल्ड कॅफेत गोळ्या सुटल्या. परका माणूस आधी कोळ्यालाच कळतो, रडार नंतर.

आता भिवंडी बघा. १९७० आणि १९८४ ला दंगलीत पेटलेलं गाव, १९८८ मध्ये डीसीपी सुरेश खोपडेंनी मोहल्ला कमिट्या काढल्या, हिंदू-मुसलमान दोन्हीकडची माणसं नि पोलीस एकत्र बसायला लागले, आणि डिसेंबर ९२ ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. ओळख असली की माणूस बोलतो हो, नुसता पोस्टर लावून नाही बोलत.

म्हणून दिरांना सांगा, काही घडलेलं नसताना, साध्या दिवशी बीट अंमलदाराला, म्हणजे तुमचा भाग बघणाऱ्या पोलिसाला, चहाला बोलवा. फोन सागरी सुरक्षेच्या १०९३ ला नाहीतर ११२ ला करा, वेळ वहीत लिहा, फोन घेणाऱ्याचं नाव विचारा. सांगायचं ते होडीबद्दल, नंबर नाही, रंग वेगळा, दिवा बंद. दाढी-टोपी बघून फोन करणारे महाभाग असतात, त्यांच्या नादात खरी खबर मागं पडते. २०२२ ला हरिहरेश्वरला रिकामी बोट लागली, आत एके-४७, पुढं घातपाताचं काही निघालं नाही, तरी कळवणं भागच होतं की.

आणि पुढच्या वेळी बोलावलं तर एकटे जाऊ नका म्हणावं, मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनना सोबत न्या.