एएनए नुसतं 'पॉझिटिव्ह', आरएफ वाढलेला, सीआरपी नॉर्मल: रक्ततपासण्यांचं पॅकेज पुन्हा करायच्या आधी हे वाचा

तुमची पोस्ट आणि रिपोर्टचे आकडे वाचले आणि माझी जुनी फाईलच आठवली. एएनए (शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटिबॉडी बनवतंय का ते बघणारी टेस्ट) पॉझिटिव्ह, बास, एवढंच लिहिलंय. आरएफ (आमवातासाठी बघतात ती अँटिबॉडी) ३८, ईएसआर (शरीरातल्या सूज-दाहाचं एक माप) ६२ आणि सीआरपी (त्याच दाहाचं दुसरं माप) मात्र नॉर्मल. टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) काठावर. सकाळी बोटं आखडतात, डोळ्यांत सारखं खुपतं, आंघोळ केली की परत आडवं व्हावंसं वाटतं इतका थकवा. एक डॉक्टर म्हणतात टेन्शन कमी करा, दुसरे थेट ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) म्हणून मोकळे झाले, आणि आता तुम्ही विचारताय की सगळं पॅकेज दुसऱ्या लॅबमधून पुन्हा करून घेऊ का.

नका करू. निदान आत्ता तरी नका. आधी आहे त्याच एएनएचा मूळ रिपोर्ट हातात घ्या.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. मला शोग्रेन (प्रतिकारशक्ती उलटून डोळे-तोंड कोरडं पाडते तो आजार) निघाला. तुम्हाला तोच असेल असं अजिबात म्हणत नाहीये. हा आजार होणाऱ्या दहातल्या नऊ बायका असतात, त्यामुळे माझ्या बाबतीत तर बराच काळ कोणाला सुचलंच नाही.

माझ्या रिपोर्टवरही तुमच्यासारखीच एक ओळ होती. एएनए, पुढे पॉझिटिव्ह, आणि खाली ते नेहमीचं 'क्लिनिकली कोरिलेट करा'. टायटर (रक्त किती पट पातळ करूनही पॉझिटिव्ह येतं तो आकडा) नाही, पॅटर्न (सूक्ष्मदर्शकाखाली चमक कशी दिसते तो प्रकार) नाही, कुठल्या पद्धतीने केली तेही नाही. फॅमिली डॉक्टर म्हणाले असं बऱ्याच जणांचं येतं, सोडून द्या. त्यांचं तसं चुकीचं नव्हतं, कारण १:४० ला बघितलं तर धडधाकट माणसांतही साधारण ३० टक्के लोक पॉझिटिव्ह निघतात, १:१६० ला जेमतेम ५ टक्के. पण माझं यातलं कुठलं हे रिपोर्टवर नव्हतंच ना! मग हाडांच्या डॉक्टरांनी आरएफ बघून आमवात म्हणून गोळ्या सुरू केल्या. सांधे सुजलेले नाहीत, अँटी-सीसीपी (आमवाताची जास्त नेमकी टेस्ट) निगेटिव्ह, तरी आमवात. शेवटी रुमॅटॉलॉजिस्टकडे (सांधे आणि अशा आजारांचे तज्ज्ञ) पोचलो तर त्यांनी पहिला प्रश्न केला, टायटर किती? मेथड कुठली? इम्युनोफ्लोरोसन्स (चमक सूक्ष्मदर्शकाखाली बघतात) की एलायझा (मशीन आकडा देतं)? मी गप्प.

आता त्या लॅबचं सांगतो (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही). काउंटरवर विचारलं तर 'सिस्टीमला एवढंच दिसतंय सर'. पॅथॉलॉजिस्टना भेटायचंय म्हटलं तर ते दुपारी येतात, दुपारी गेलं तर आज आलेच नाहीत. फोन केला की होल्डवरची ट्यून, मेलला उत्तर काय तर तुमची तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे. अरे बाबा तक्रार नाहीये, माझ्याच रक्ताचा आकडा मागतोय! एकाने तर मला समजावून सांगितलं की पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह असतं, त्यात आकडा नसतो, आणि तेही इतक्या ठामपणे की मला स्वतःचीच शंका यायला लागली. यात महिने गेले, तोवर ते आमवाताचं औषध पोटात चाललंच होतं आणि पित्ताने जीव नकोसा झाला होता.

मग एकदा काउंटरवर नवीन मुलगी होती. तिने बारकोड टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाली, 'हे अटॅचमेंट आहे ते हवंय का तुम्हाला?' दोन पानी पीडीएफ, वर वेगळ्याच लॅबचं नाव. म्हणजे ही टेस्ट यांनी केलीच नव्हती, सॅम्पल बाहेर पाठवलं होतं, तिकडून व्यवस्थित रिपोर्ट आला होता: इनडायरेक्ट इम्युनोफ्लोरोसन्स, १:६४०, फाइन स्पेकल्ड (बारीक ठिपक्यांचा पॅटर्न), आणि खाली चक्क टीप की ईएनए प्रोफाइल (नेमक्या कुठल्या अँटिबॉडी आहेत ते सांगणारी टेस्ट) करून घ्यावी. यांनी त्या दोन पानांतला एकच शब्द उचलून आपल्या लेटरहेडवर टाइप केला होता. सॅम्पल बाहेर पाठवण्यात काही गैर नाही, बऱ्याच लॅब पाठवतात. पण आलेला कागद पेशंटला द्यायचा नाही हा कुठला शहाणपणा? आजही ते आठवलं की डोकं फिरतं.

रुमॅटॉलॉजिस्टनी तो कागद बघितला आणि त्याच दिवशी ईएनए लिहून दिली. त्यातली एसएसए (शोग्रेनमध्ये सापडणारी अँटिबॉडी) भरपूर पॉझिटिव्ह.

म्हणून तुम्ही लॅबमध्ये जाऊन नेमकं असं विचारा: टेस्ट इथेच झाली की बाहेर? बाहेर झाली असेल तर तिकडचा मूळ रिपोर्ट द्या. मेथड, टायटर, पॅटर्न, तिन्ही लेखी हवंय. टायटर म्हणजे रक्तातलं पाणी (सीरम) किती पट पातळ केलं तरी चमक दिसत राहिली तो आकडा, त्यामुळे १:६४० हे १:८० पेक्षा जास्त. आणि रिपोर्टवर १:१६० असं काही नसून २.८ वगैरे इंडेक्स असेल तर ती बहुतेक एलायझा पद्धत, तो आकडा टायटरशी लावत बसू नका, दोन्हींची मोजपट्टीच वेगळी आहे. एका लॅबची एलायझा आणि दुसरीची इम्युनोफ्लोरोसन्स शेजारी ठेवून 'वाढलं की कमी झालं' हा खेळ मी पाहिलाय, डोक्याला ताप फक्त. तशीही एएनए परत परत करून आजार किती चढला-उतरला ते कळत नाही. ल्युपसवाल्यांचं लक्ष डीएसडीएनए (ल्युपसची अँटिबॉडी), सी३, सी४ (प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रथिनं) आणि लघवीवर ठेवतात.

ल्युपस म्हणणाऱ्या डॉक्टरांबद्दल. ल्युपसचे २०१९ चे जे निकष आहेत त्यात १:८० एएनए ही फक्त आत शिरायची अट आहे, त्यानंतर लक्षणं आणि बाकी तपासण्यांचे मिळून १० गुण भरावे लागतात, आणि ते निकषही मुळात संशोधनासाठी केलेले. नुसत्या 'पॉझिटिव्ह'वर ल्युपस म्हणणं मला पटत नाही, माझं वैयक्तिक मत. पण 'टेन्शन कमी करा' हेही तितकंच पटत नाही.

कारण तुमच्या आकड्यांत मला एक गोष्ट खटकली. ईएसआर ६२ आणि सीआरपी नॉर्मल. ईएसआर वयाने वाढतो (बायकांत वयात १० मिळवून निम्मा, पुरुषांत वयाच्या निम्मा, हा ढोबळ हिशोब), हिमोग्लोबिन कमी असलं तरी वाढतो, हे आधी बघा. ते नसेल तर लिव्हरच्या रिपोर्टमध्ये टोटल प्रोटीन आणि ग्लोब्युलिन (अँटिबॉडी ज्यात मोडतात ती प्रथिनं) शोधा. ग्लोब्युलिन वाढलं की ईएसआर वर जातो आणि सीआरपी जागचा हलत नाही, शोग्रेन आणि ल्युपसमध्ये ही जोडी बऱ्यापैकी दिसते. माझा ए/जी रेशो (अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिनचं प्रमाण) उलटा झाला होता, रिपोर्टवर ठळक अक्षरात होता, पण लिव्हर चांगलं आहे म्हटल्यावर त्या पानाकडे कोणी परत बघितलंच नाही. आरएफचंही तेच, शोग्रेनमध्ये तो सर्रास पॉझिटिव्ह येतो, हिपॅटायटिस सी मध्ये येतो, वय झालेल्या निरोगी माणसांतही येतो. आणि हो, सीआरपीचं युनिट नीट बघा. मिलिग्रॅम पर लिटर आणि मिलिग्रॅम पर डेसिलिटर यात दहा पटीचा फरक पडतो, डेसिलिटरवालं ०.९ म्हणजे लिटरचं ९, ते बघून खूश होऊ नका.

डोळ्यांत खुपतंय म्हणालात तर डोळ्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की कोरडेपणाची तपासणी करा. शिर्मर म्हणून टेस्ट असते, खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसायचं, ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओली झाली तर डोळे कोरडे धरतात. गंमत म्हणजे हा आजार ज्यांच्या नावाने ओळखतात ते स्वीडनचे डोळ्यांचेच डॉक्टर, १९३३ साली प्रबंध लिहिलेला, आणि तरी मला नुसता चष्म्याचा नंबर काढून परत पाठवलं होतं. तोंड कोरडं पडतं का, दात पटापट किडायला लागलेत का, तेही सांगा. ॲलर्जीच्या आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीसुद्धा डोळे-तोंड कोरडं होतं, त्यामुळे चालू औषधांची यादी खिशात ठेवा. एसएसए मागून करून घ्यायची का हे डॉक्टर ठरवतील, पण एवढं माहीत असू द्या की इम्युनोफ्लोरोसन्सने एएनए निगेटिव्ह येऊनही एसएसए पॉझिटिव्ह निघू शकते. आणि ती पॉझिटिव्ह आली आणि बाळाचा विचार असेल तर गायनॅकना आधीच सांगायचं, त्या अँटिबॉडीमुळे थोड्या बाळांत (१ ते २ टक्के) हृदयाच्या ठोक्यांचा प्रश्न येतो, पोटात असतानाच लक्ष ठेवता येतं.

टीएसएच काठावर आहे म्हणालात, केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेताय का? घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. त्याने थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. टेस्टच्या किती दिवस आधी थांबवायचं ते डोसवर आहे, विचारून घ्या.

कोणी 'तात्पुरतं बरं वाटेल' म्हणून स्टिरॉइड देत असेल तर विचारा की रुमॅटॉलॉजिस्टनी बघेपर्यंत थांबता येईल का. बोटं सुजली की फोटो काढा, तारखेसकट, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी ती हमखास शहाण्यासारखी वागतात. थंडीत बोटं पांढरी-निळी पडत असतील तर त्याचाही फोटो. सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघा, दहा मिनिटं आणि दीड तास यात डॉक्टरांच्या लेखी मोठा फरक असतो. (आहार बदलून एएनए निगेटिव्ह करून देतो म्हणणारे मेसेज यायला लागतील, ब्लॉक करा.)

आणि तुमच्या यादीत लघवीची तपासणी कुठेच दिसली नाही! हजारोंचं पॅकेज विकतात आणि ही स्वस्तातली टेस्ट सुटते. ल्युपसची शंका खरी असेल तर किडनीचा त्रास सुरुवातीला दुखतखुपत नाही, तो लघवीत प्रोटीन आणि रक्तपेशी दिसल्यावरच कळतो. सकाळची पहिली लघवी, रुटीन आणि प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो, उद्याच देऊन टाका, बीपी पण मोजा. लघवीला फेस येत असेल, पाय सुजत असतील किंवा बीपी वर असेल तर रुमॅटॉलॉजिस्टच्या तारखेची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी फिजिशियनला दाखवा, मूळ रिपोर्ट हातात आलेला असो नसो.