मोबाईल सुरक्षितपणे आणि बॅटरी वाचवून कसा वापरावा? रेडिएशनचा स्टिकर लावावा का?

स्टिकर लावू नका. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण पहिल्यावर मला बरंच बोलायचंय.

फोन आणि टॉवर यांचं सगळं बोलणं रेडिओलहरींवर चालतं. स्टिकरने त्या लहरी खरोखर अडवल्या, तर टॉवर गाठायला फोन आणखी जोर लावणार. अडवल्या नाहीत, तर स्टिकर चिकटवून मिळवलं काय? आपल्या देशात १ सप्टेंबर २०१२ पासून सारची, म्हणजे फोनच्या लहरींपैकी शरीरात किती मुरतं त्या आकड्याची, मर्यादा किलोला १.६ वॉट आहे. स्टार हॅश शून्य सात हॅश दाबलं की बहुतेक फोनवर आपल्या फोनचा आकडा दिसतो. पण तो आकडा फोन पूर्ण ताकदीने चालतो तेव्हाचा. रोजच्या वापरात फोन किती ताकद लावतो हे रेंजवर ठरतं. टॉवर जवळ असला की थोडक्यात भागतं, एक काडी रेंज असली की फोन जीव तोडून ओरडतो. त्यामुळे कॉलनीत टॉवर नको म्हणून सह्या गोळा करायच्या आणि मग जिन्याखाली, रेंज नाही तिथं, अर्धा अर्धा तास फोन कानाला लावून बसायचं, याला काही अर्थ नाही. गच्चीवर जा, खिडकीत उभं राहा, वायरचा हेडफोन लावा किंवा स्पीकरवर बोला. फोन कानापासून वीतभर लांब गेला तरी खूप फरक पडतो.

बॅटरीचं गणितही हेच. रेंज नसेल तिथं फोन खिशात नुसता पडून असला तरी टॉवर शोधत राहतो आणि चार्जिंग उतरत जातं. तापोळा-बामणोलीकडे फिरायला गेलेल्यांना हे माहीत असेल. सकाळी भरलेला फोन दुपारी गळ्याशी येतो आणि लोक म्हणतात, बॅटरी खराब झाली.

आता मला जे सांगायचंय ते.

आमचं घर सांगलीत गावभागात. ऑगस्ट २०१९ चं पाणी सांगलीकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, तेव्हा पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. आमचे सासरे, आणि गल्लीतले बरेच जण, '२००५ ला पाणी आपल्या उंबऱ्याशी थांबलं होतं' या हिशोबाने घरातच राहिले. हे नोकरीला पुण्यात, आणि रस्ते बंद. घरात सासू-सासरे, मी, मुलगी आणि धाकटे दीर. लाइट गेली, खालची खोली भरली, आम्ही वर.

टॉवरचं काय होतं ते लक्षात घ्या. लाइट गेली की टॉवर आधी त्याच्या बॅटरीवर चालतो, मग जनरेटरवर. जनरेटरला डिझेल लागतं, आणि पाण्यातून डिझेल कोण नेऊन देणार? एकेक टॉवर बंद पडत जातो. जे उरतात ते लांबचे, आणि सगळ्या गावाचे फोन त्यांच्यावरच येऊन पडतात. म्हणजे ज्या दिवशी फोनची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी तो सर्वांत वेगाने उतरतो.

अशा वेळी भावजी गॅलरीत उभे राहून पाण्याचे व्हिडिओ काढत होते. स्क्रीन चालू, कॅमेरा चालू, आणि एका काडीवर व्हिडिओ चढवायची खटपट. तो अर्धा चढायचा, तुटायचा, पुन्हा पहिल्यापासून. मी दोनदा सांगितलं, 'भावजी, फोन ठेवा.' उत्तर आलं, 'वहिनी, लोकांना कळायला नको का?' दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन बंद पडला. तो पाणी उतरेपर्यंत बंदच होता.

माझा फोन मी लाइट गेल्या क्षणापासून हातात घेतला होता. नेट बंद, ब्राइटनेस अगदी खाली, आणि फ्लाइट मोड. दर तासाच्या ठोक्याला गच्चीच्या दारात जायचं, फ्लाइट मोड काढायचा, दहा मिनिटं थांबायचं, मेसेज बघायचे, एखादा पाठवायचा, पुन्हा फ्लाइट मोड. सासऱ्यांचा बटणांचा फोन पूर्ण बंद करून डब्यात ठेवला होता, माझा संपला तर म्हणून. मुलीला गेम खेळायला दिला नाही. ती रडली, तरी दिला नाही.

आणि कॉल करायचा नाही, साधा मेसेज करायचा. व्हॉट्सॲप नाही, साधा एसएमएस. कॉलला बोलणं संपेपर्यंत सलग जागा लागते, आणि गर्दीत ती मिळत नाही. एसएमएस एवढासा असतो, फट सापडली की जातो. समोरच्याचा फोन बंद असला तरी तो कंपनीच्या यंत्रणेत थांबून राहतो आणि फोन चालू झाला की पोचतो. मी मिरजेत माझ्या भावाला पाठवलेला मेसेज असा होता: '५ माणसं, वरचा मजला. सासूबाईंचं इन्सुलिन उद्या संपेल. फोन दर तासाला १० मिनिटं चालू.' आणि खाली १६ आणि ७४ ने सुरू होणारे ते दोन लांब आकडे, म्हणजे आमच्या घराचे अक्षांश-रेखांश. नेट नसलं तरी जीपीएस चालतं, ते उपग्रहावरून येतं, टॉवरवरून नाही. नकाशाच्या ॲपमध्ये निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की आकडे दिसतात. दशांशानंतरचे सगळे उतरवून घ्या. मेसेज मी इंग्रजी अक्षरांत लिहिला, तेही सांगते का. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत काना-मात्रा धरून ७०. लांब झाला की त्याचे तुकडे होतात, आणि एखादा तुकडा अडकला की वाचणाऱ्याला अर्धंच कळतं.

भावाने तो मेसेज कागदावर उतरवला आणि पूर नियंत्रण कक्षात नेऊन दिला. बोट आली ती एनडीआरएफची, म्हणजे केंद्राच्या आपत्ती दलाची, मुलं बाहेरची. त्यांना गावभाग कुठला आणि बोळ कुठला. पण त्यांच्या हातात तो कागद होता आणि त्यावर इन्सुलिन लिहिलेलं होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आमच्या घरात आजही गणपतीला सगळे जमले की विषय निघतो, आणि भावजी म्हणतात की त्यांचा एक व्हिडिओ गेला होता, तो पुढे पुढे पाठवला गेला आणि म्हणून बोट आली. त्या व्हिडिओत घर नाही, गल्लीचं नाव नाही, किती माणसं ते नाही. नुसतं पाणी आहे. त्या आठवड्यात सांगलीतून असे किती व्हिडिओ गेले असतील! त्यातल्या पाण्याकडे बघून कुठल्या दारात बोट न्यायची ते कुणाला कळणार? २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढायला लागलं, तेव्हा मी पहिल्यांदा सगळ्यांचे फोन गोळा केले, मग सामान वर चढवलं. सासूबाई माझ्या बाजूने आहेत, एवढं बस झालं.

तर प्रश्न बॅटरी वाचवायचा. पावसाळ्यात नदीकाठच्या माणसाने फोन रात्री झोपताना भरलेला ठेवावा. बाकी वर्षभर २० ते ८० च्या मधे राहू दिला तर लिथियम बॅटरी जास्त वर्षं टिकते, पण तिचा खरा शत्रू उष्णता आहे. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर फोन, उशीखाली चार्जिंग, चार्जिंगला लावून तासभर व्हिडिओ, हे बंद करा. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं असेल तर दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका, बदलून घ्या.

पाण्यात पडलेला फोन चालू होतो का ते बघायला बटण दाबू नका. चालू असेल तर बंद करा, सिम काढा, पुसून पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. तांदळात घालू नका. फायदा होत नाही, भुकटी मात्र आत जाते. पुराचं पाणी गाळाचं असतं, त्यात बुडालेला फोन नुसता वाळवून भागत नाही, उघडून साफ करावा लागतो.

गाडी चालवताना फोन, याबद्दल मी सौम्य बोलणार नाही. हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलत जाणारे सांगली-मिरज रस्त्यावर रोज दिसतात, आमचे भावजी त्यांतलेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात फोन धरून गाडी चालवणं धोकादायक वाहन चालवण्यातच धरलंय. पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० दंड, किंवा तुरुंग, किंवा दोन्ही. रस्ता बघायला नकाशा लावला तर नियम सूट देतो, लक्ष विचलित होणार नसेल तर. फोन आला की गाडी बाजूला घ्या. कानाला काही नसलेलं बरं, पाठीमागून ऊसाचा ट्रॅक्टर आला तर कळला पाहिजे.

ओटीपी सांगू नये वगैरे तुम्हाला माहीत असणारच. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन करा. फोन हरवला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाकून तो बंद करता येतो. आयएमईआय स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आजच वहीत लिहून ठेवा, फोन गेल्यावर कुठून बघणार?

काही गोष्टी वर राहिल्या. रेडिएशनची भीती अगदीच बिनबुडाची आहे असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकल्या आहेत, म्हणून तर कानापासून लांब धरा म्हटलं. पेसमेकर असलेल्यांनी फोन शर्टच्या खिशात ठेवू नये, १५ सेंटिमीटर तरी अंतर राखावं. संकटात ११२ लावताना आपल्या कंपनीची रेंज नसली तरी लावून बघा, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७ वर आहे. बटणांचा फोन जादा म्हणून घेणार असाल तर फोरजी चालणारा घ्या, जुन्या टूजी फोनला सगळ्या कंपन्यांचं सिम चालत नाही. आणि पॉवर बँकेवर १०,००० लिहिलेलं असलं तरी फोनमध्ये त्यातले ६,००० ते ६,५०० च्या आसपासच उतरतात, बाकीचे व्होल्टेज बदलण्यात आणि उष्णतेत जातात. घरात माणसं किती ते बघून घ्या.