वाचक विचारतात : एकाच फोनमध्ये इतकी यंत्रं कशी मावली?

प्रश्न : फोन, कॅमेरा, नकाशा, पैशांचं पाकीट हे सगळं एकाच यंत्रात कधी आलं? आयफोनपासूनच ना? (एक वाचक, सांगली)

आयफोन २००७चा. त्याच्या १३ वर्षं आधी, १९९४मध्ये, आयबीएमचा ‘सायमन’ अमेरिकेत विकायला आला होता. टचस्क्रीन, कॅलेंडर, पत्त्यांची वही, ईमेल आणि फॅक्ससुद्धा त्यात होता. वजन मात्र अर्धा किलो आणि बॅटरी बोलताना जेमतेम तासभर टिकायची. म्हणजे कल्पना तेव्हाच सुचली होती, पण ती पेलणारी चिप आणि बॅटरी नव्हती.

पुढे एकेक भाग येत गेला. २०००मध्ये जपानमध्ये शार्पच्या फोनवर ०.११ मेगापिक्सेलचा कॅमेरा आला. २००३मध्ये नोकिया ११००ला टॉर्च आला. भारनियमन सोसणाऱ्या आपल्या गावांत त्या टॉर्चची किंमत कॅमेऱ्याहून जास्त होती. तरी कंपनीने जे घातलं, बहुतेकांना तेवढंच वापरायला मिळायचं. जावा आणि सिम्बियन या तेव्हाच्या फोनमधल्या सॉफ्टवेअरवर चालणारी ॲप्स होती, पण ती शोधून फोनमध्ये बसवणं किचकट होतं.

आमच्या मते खरं वळण २००८चं. जुलैत ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं, त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन आला आणि फोनमधले सेन्सर बाहेरच्या प्रोग्रामरांच्या हाती सहज पडू लागले. मग एका कामासाठी बसवलेला भाग दुसऱ्याच कामाला जुंपला गेला. फोन आडवा केल्यावर स्क्रीन फिरवणारा ॲक्सेलरोमीटर पावलं मोजू लागला. फोटोसाठीचा कॅमेरा क्यूआर कोड वाचू लागला. हा कोड १९९४मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला होता. २०१६मध्ये यूपीआय आलं आणि पुढे तोच कॅमेरा भाजीवाल्याचे पैसे चुकते करू लागला.

प्रश्न : जुन्या फोनवर एफएम लागायचं, नव्यावर लागत नाही. चिप काढून टाकली का? (एक वाचक, चिपळूण)

एफएमचा रिसीव्हर बऱ्याचदा वायफाय-ब्लूटूथच्या चिपमध्येच असतो. अडचण अँटेनाची आहे. एफएमच्या लहरीची लांबी सुमारे ३ मीटर, त्यामुळे तिला पाऊण मीटरच्या आसपास तार लागते. हे काम इअरफोनची वायर करायची. इअरफोनचं गोल छिद्र गेलं, तशी तारही गेली. काही फोनमध्ये चिप असूनही कंपनीने ती सॉफ्टवेअरमधून बंद ठेवलेली असते. ज्या फोनमध्ये सोय आहे तिथे एफएम बंद ठेवू नका, असं केंद्र सरकारने २०२३मध्ये उत्पादकांना कळवलं होतं.

तुमच्या फोनला छिद्र असेल, तर आधी वायरचा इअरफोन लावा आणि मगच रेडिओचं ॲप उघडा. ब्लूटूथचा इअरफोन अँटेना होऊ शकत नाही. आकाशवाणीच्या मीडियम वेव्ह केंद्राची लहर मात्र शेकडो मीटर लांब. तिला अँटेना म्हणून फेराइट या चुंबकी पदार्थाची कांडी लागते आणि ती फोनमध्ये नसते. अशा केंद्रासाठी इंटरनेटवरचं आकाशवाणीचं ॲप किंवा साधा ट्रान्झिस्टर.

प्रश्न : सह्याद्रीत ट्रेकला गेलो की फोनचा होकायंत्र चुकीची दिशा दाखवतो आणि नकाशावरचा ठिपका भलतीकडे उडतो. उपाय काय? (एक वाचक, पुणे)

हे दोन वेगळे दोष आहेत.

होकायंत्र पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजतं. आपल्याकडे ते सुमारे ४० मायक्रोटेस्ला, म्हणजे फारच क्षीण. फोनच्या स्पीकरमधलं चुंबक, कव्हरच्या झडपेतलं चुंबक, गाडीतला चुंबकी स्टँड, कमरेच्या पट्ट्याचं लोखंडी बक्कल यातलं काहीही त्याला फसवतं. आधी कव्हर काढा. मग फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात, मनगट वळवत, सगळ्या बाजूंनी फिरवा. फोनचं स्वतःचं चुंबकत्व फोनसोबतच फिरतं, पृथ्वीचं जागच्या जागी राहतं. या फरकावरून सॉफ्टवेअर फोनचा वाटा वजा करतं.

ठिपक्याचं कारण निराळं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर असतात आणि जागा नक्की करायला किमान चार उपग्रहांचा संदेश लागतो. दरीत कडे आकाश झाकतात. शिवाय कातळावर आपटून आलेला संदेश उशिरा पोचतो आणि फोनला वाटतं, उपग्रह लांब आहे. मोकळ्या माथ्यावर किंवा पठारावर येऊन दोन-तीन मिनिटं थांबा. घळीत दिसणाऱ्या ठिपक्यावर वाट ठरवू नका.

निघण्यापूर्वीची तयारी याहून महत्त्वाची आहे. उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोन एरवी इंटरनेटवरून क्षणात घेतो. रेंज नसेल तर ती उपग्रहाकडूनच, सेकंदाला ५० बिट अशा मंद गतीने, उतरवून घ्यावी लागते आणि त्यात काही मिनिटं जातात. म्हणून पायथ्याच्या गावात, रेंज असतानाच, लोकेशन चालू करून ठिपका स्थिर होऊ द्या. त्या भागाचा नकाशा घरीच उतरवून ठेवा. गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा गाडीच्या रस्त्यांसाठी ठीक आहे, पायवाटांसाठी ऑसमँडसारखं ॲप घ्या आणि त्यात वाटेची जीपीएक्स फाइल (वाटेवरच्या ठिकाणांची नोंद) भरा. रेंज गेली की विमान मोड लावा. जीपीएस फक्त ऐकतो, काही प्रक्षेपित करत नाही, म्हणून त्या मोडमध्येही तो चालतो. बॅटरी खाते ती टॉवर शोधण्याची धडपड.

प्रश्न : ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा फोटो १२चाच का काढतो? (एक वाचक, नाशिक)

छोट्या सेन्सरवरचे चार ठिपके (पिक्सेल) मिळून एक धरला जातो, म्हणजे कमी उजेडात फोटोत दाणे कमी येतात. भरपूर ऊन असेल तर मेनूमधून पूर्ण ५०चा मोड लावा. संध्याकाळी तो टाळा.

प्रश्न : सगळंच फोनमध्ये आहे. तो हरवला तर आधी काय करायचं? (एक वाचक, ठाणे)

आधी बँक. दुसऱ्या फोनवरून बँकेच्या क्रमांकावर यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवायला सांगा. पैसे गेल्याचं दिसलं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. मग सिम बंद करवून त्याच नंबरचं नवं घ्या. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. ओटीपी येईना म्हणून घाबरू नका, चोरट्याने फसवू नये म्हणूनच ही अट आहे. दरम्यान पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. एसएमएस सुरू झाले की दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तक्रारीची प्रत आणि आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) देऊन फोन ब्लॉक करा. मग तो दुसऱ्या सिमवरही भारतातल्या नेटवर्कवर चालत नाही.

आयएमईआय *#०६# दाबल्यावर दिसतो. तो आजच कागदावर लिहून घरी ठेवा, कारण फोनमध्येच साठवला तर फोनसोबत जाईल.

आणि बहुतेक जण विसरतात ती गोष्ट म्हणजे सिमचा पिन. स्क्रीनला कितीही भक्कम कुलूप असलं, तरी चोर सिम काढून स्वतःच्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी वाचतो. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली ‘सिम लॉक’ शोधा. मूळ पिन अंदाजाने टाकू नका, आपल्या मोबाइल कंपनीला विचारा. तीनदा चुकलं की सिम पीयूके कोड (अडकलेलं सिम उघडण्याचा, मोबाइल कंपनीकडून मिळणारा कोड) मागतं, तो दहादा चुकला की सिम कायमचं निकामी होतं. मूळ पिन टाकून कुलूप चालू करा, लगेच स्वतःचा नवा पिन ठेवा, फोन बंद करून पुन्हा सुरू करा. सुरू होताना त्याने पिन मागितला, म्हणजे काम झालं. सोबत लॉक स्क्रीनवर संदेशाचा मजकूर दिसणंही बंद करा, नाहीतर ओटीपी वाचायला सिम काढायचीही गरज नाही.