‘राज्यपालपदाचा वारस’ म्हणावं का?

भाषांतराचं काम करणाऱ्या एका वाचकांनी विचारलं आहे : अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात 1947 साली गव्हर्नरपदावरून मोठा पेच झाला होता. त्यावरच्या लेखाला ‘राज्यपालपदाच्या वारसाचा वाद’ हे शीर्षक चालेल का? आणि लेखातल्या ‘ॲक्टिंग गव्हर्नर’ला कार्यकारी म्हणावं, कार्यवाहक, हंगामी की प्रभारी?

शीर्षकातले दोन्ही मुख्य शब्द मला खटकतात. आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात आणि कारभार मुख्यमंत्री पाहतात. तिकडे गव्हर्नर लोकांच्या मतांवर निवडून येतो आणि राज्याचा कारभारही तोच हाकतो. ‘राज्यपालपदाची मतमोजणी’ असं वाचलं की मराठी वाचक तिथेच अडखळणार. शिवाय ‘गव्हर्नर’ आपल्याला परका कुठे आहे? मुंबई इलाख्याला गव्हर्नर होते, रिझर्व्ह बँकेला आजही आहेत. तोच शब्द ठेवावा. ‘लेफ्टनंट गव्हर्नर’ (गव्हर्नरच्या खालोखालचं पद) हाही तसाच राहू द्यावा, कारण ‘नायब राज्यपाल’ म्हटलं की दिल्ली आणि पुद्दुचेरी डोळ्यांपुढे येतात.

‘वारस’ हा शब्द तर या प्रकरणात फारच घात करतो. का, ते कळायला घडलं काय ते पाहावं लागेल. यूजीन टालमेज नोव्हेंबर 1946 मध्ये निवडून आले आणि शपथ घेण्याआधीच 21 डिसेंबरला वारले. (साहित्य संमेलनाचा ‘नियोजित अध्यक्ष’ म्हणतो ना आपण, तसे ते नियोजित गव्हर्नर होते.) त्यांच्या प्रकृतीची धास्ती असल्यामुळे समर्थकांनी काही मतपत्रिकांवर त्यांचा मुलगा हर्मन याचं नाव हातानं लिहून ठेवलं होतं. निवडून आलेला माणूसच हयात नाही, तेव्हा पुढच्या क्रमांकाच्या हयात उमेदवारांतून निवड करण्याचा अधिकार आपला, असा पवित्रा विधिमंडळातल्या टालमेज गटानं घेतला. हाताने लिहिलेल्या नावांत हर्मन आधी मागे होता. मग त्याच्याच टेलफेअर काउंटीतून राहून गेलेली 58 मतं निघाली आणि एकूण 675 मतं होऊन तो पुढे गेला. ती मतं चक्क वर्णानुक्रमानं पडलेली दिसत होती आणि मतदारांत काही मृतांचीही नावं होती, हे पुढे एका वार्ताहरानं उघडकीस आणलं. 15 जानेवारी 1947 च्या पहाटे विधिमंडळानं 161 विरुद्ध 87 मतांनी हर्मनला निवडलं.

म्हणजे हर्मनचा दावा मुलगा म्हणून नव्हता, मतपत्रिकेवरचा होता. मराठीत ‘वारस’ म्हटलं की सातबारा, वारसनोंद, रक्ताचं नातं हेच मनात येतं. त्यात इथे दावेदार खरोखरच मुलगा आहे! शीर्षक वाचणारा हमखास समजणार की बापाची गादी मुलगा मागत होता. पदाच्या बाबतीत ‘उत्तराधिकारी’ हाच शब्द नेमका.

पण पद सोडायचं होतं ते गव्हर्नर एलिस अर्नॉल हटेनात. राज्यघटनेप्रमाणे उत्तराधिकारी ‘चोझन अँड क्वालिफाइड’ होईपर्यंत मावळत्या गव्हर्नरनं पदावर राहायचं होतं, आणि त्यांनी त्यावर बोट ठेवलं. भाषांतर करताना इथे फार जपा. ‘क्वालिफाइड’चं ‘पात्र’ करू नका. कायद्याच्या त्या भाषेत त्याचा अर्थ रीतसर शपथ घेऊन पदारूढ झालेला असा आहे. ‘निवडला जाऊन पदग्रहण करीपर्यंत’ असं लिहिलंत तर अर्नॉल यांचा मुद्दा एका ओळीत कळेल. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 156 मध्येही हीच तजवीज आहे : मुदत संपली तरी पुढचा राज्यपाल येईपर्यंत आधीचाच पदावर राहतो. हर्मनच्या माणसांनी कार्यालयाची कुलपं बदलली, तेव्हा अर्नॉल यांनी विधानभवनातल्या चौकशीच्या खिडकीशी आपलं टेबल मांडलं. त्यांना ‘काळजीवाहू गव्हर्नर’ म्हणायला माझी हरकत नाही.

आता ‘ॲक्टिंग’. नवे लेफ्टनंट गव्हर्नर मेल्विन थॉम्प्सन यांनी शपथ घेताच अर्नॉल यांनी राजीनामा दिला आणि आपला दावा थॉम्प्सनांच्या बाजूनं मोकळा केला. 19 मार्चला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं 5 विरुद्ध 2 अशा बहुमतानं थॉम्प्सन यांना ‘ॲक्टिंग गव्हर्नर’ मानलं. ‘कार्यकारी’ म्हटलं तर आपल्याला कार्यकारी अभियंता आठवतो, तो काही तात्पुरता नसतो. ‘कार्यवाहक’ हिंदीतून आलेला. मराठीत ‘कार्यवाह’ म्हणजे ग्रंथालयाचा किंवा संस्थेचा चिटणीस. ‘हंगामी’ चालेल, पण त्यातून फक्त थोड्या काळापुरता एवढंच कळतं. थॉम्प्सन लेफ्टनंट गव्हर्नर राहूनच गव्हर्नरचे अधिकार वापरणार होते. मूळ पद शाबूत आणि वर दुसऱ्या पदाचा भार, हे ‘प्रभारी’ या एका शब्दात येतं. 2020 साली महाराष्ट्राचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे गोव्याचा ‘अतिरिक्त कार्यभार’ आला होता, तो याच जातीचा. तेव्हा माझं मत ‘प्रभारी गव्हर्नर’ला.

आणखी एक, न विचारलेलं. या लेखात ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द येईलच, तो जरा सांभाळून वापरा. जुन्या मराठी पत्रांत शिक्का वर असे आणि मजकूर संपल्याची मोर्तब खाली. जॉर्जियात त्या 63 दिवसांत राज्याचा शिक्का खरोखरच कुणाच्या हाती लागला नाही. तो सांभाळणारे राज्याचे अधिकारी, सेक्रेटरी ऑफ स्टेट बेन फोर्टसन, चाकांच्या खुर्चीत वावरत, आणि शिक्का त्यांनी आपल्याच खुर्चीच्या गादीखाली ठेवला होता. म्हणून विधिमंडळानं हर्मनच्या निवडीवर ‘शिक्कामोर्तब केलं’ असं लिहू नका. ‘हर्मनला निवडलं’ एवढंच लिहा.