एकटीने व्हॅन घेऊन युटा-ॲरिझोना: आधी रात्री ठरव, मग दिवस

तुझा बेत वाचला. सप्टेंबरअखेरीस न्यू जर्सीहून विमानाने लास व्हेगास, तिथून भाड्याची व्हॅन, तीन आठवडे एकटी. युटातली पाचही नॅशनल पार्क, शिवाय ग्रँड कॅन्यन आणि मेसा व्हर्डे. प्रश्न दोन: व्हॅन असली की कुठेही झोपता येतं ना, आणि आई म्हणते तितकं ते धोक्याचं आहे का?

कुठेही झोपता येत नाही. पार्कच्या आत व्ह्यूपॉइंटच्या पार्किंगमध्ये गाडी लावून झोपलीस तर मध्यरात्री रेंजर काच ठोठावेल, वर दंड होऊ शकतो. आत राहायचं तर कॅम्पग्राउंडमध्येच, आणि झायनच्या वॉचमनसारख्या ठिकाणांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं नि बघता बघता संपतं. व्हॅनची खरी चैन पार्कच्या हद्दीबाहेर, ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारी खात्याच्या मोकळ्या जमिनीवर आहे. सगळे तिला बीएलएम म्हणतात. बहुतेक ठिकाणी एका जागी १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. मात्र तिथे नळ नाही, संडास नाही, कचरापेटीही नाही. म्हणून रोज दुपारी पाणी आणि पेट्रोल भरून घ्यायचं आणि दिवेलागणीच्या आत मुक्काम गाठायचा. अंधारात कच्च्या रस्त्यावर जागा शोधत फिरणं हाच या प्रवासातला सगळ्यात वाईट तास असतो.

आता बेताबद्दल. माझं ऐकशील तर आर्चेस आणि कॅन्यनलँड्स या खेपेला सोड. सलग पाच पार्क पाहिली की चौथ्या दिवशी लाल दगड नुसता लाल दगड दिसायला लागतो. झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ करून हायवे ९५ने खाली उतर. हँक्सव्हिलला टाकी भरच. पुढे ब्लँडिंगपर्यंत सुमारे १२० मैल पंपाचा भरवसा नाही. वाटेत नॅचरल ब्रिजेस लागतं, दगडी नैसर्गिक कमानींचं संरक्षित ठिकाण. २००७ साली जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं पार्क, ठरलं ते हेच. कॅम्पग्राउंडमध्ये जागा फक्त १३, बुकिंग नाही, आधी येईल त्याला मिळते, आणि २६ फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. मोठ्या आरव्हीवाल्यांना (घरासारख्या लांब गाड्या) जे जमत नाही ते तुला इथे जमेल. दुपारी बाराच्या आत पोच.

तिथून होव्हनवीप, जुन्या अवशेषांची जागा. गर्दी जवळजवळ नसते. घळीच्या काठावर, कुठे कुठे तर थेट सुट्या प्रचंड शिळेवर, आठेकशे वर्षांपूर्वी रचलेले दगडी बुरूज उभे आहेत. प्युब्लो या मूळनिवासी लोकांच्या पूर्वजांचं हे काम. पायवाटेवर मातीत काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या खापऱ्या दिसतील. बघ, फोटो काढ, पण उचलू नकोस, तो गुन्हा आहे. मग मेसा व्हर्डे. १९०६ साली हे पार्क झालं ते माणसांनी बांधलेल्या वास्तूंसाठी. कड्याच्या कपारीतल्या क्लिफ पॅलेसमध्ये दीडशेच्या आसपास खोल्या आहेत. आत जायचं तर रेंजरबरोबरच; तिकिटं १४ दिवस आधी निघतात, तेव्हा तारीख कॅलेंडरवर टाकून ठेव. बाल्कनी हाउसची टूर घेतलीस तर ३२ फुटी शिडी चढून, अठरा इंच रुंद बोगद्यातून रांगत जावं लागतं. गुडघे किंवा बंद जागेची भीती, दोन्हींपैकी काही असेल तर नको. गेटपासून आत पोचायला जवळजवळ तासभर घाटरस्ता आहे, तो वेळ धर.

परतीला ॲरिझोनातली कॅन्यन डी शे ही घळ चुकवू नकोस. प्रवेश फी नाही, जमीन नव्हाहो या मूळनिवासी लोकांची. तळाशी त्यांची घरं, शेतं आजही आहेत, त्यामुळे खाली जायचं तर नव्हाहो वाटाड्या हवाच. वरच्या कड्यावरून स्पायडर रॉकचा सुळका फुकट दिसतो. कॅपिटल रीफला फ्रुटा या जुन्या वस्तीच्या फळबागा तू पाहिलेल्या असशील. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतकऱ्यांनी लावलेल्या, आज सरकार सांभाळतं. कॅन्यन डी शेमधल्या नव्हाहोंच्या पीचच्या बागा मात्र १८६४ साली अमेरिकन सैन्याने तोडल्या, लोकांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं. १८६८च्या तहानंतरच त्यांना परत येता आलं. एक व्यवहाराची गोष्ट: ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाही, नव्हाहो नेशन, म्हणजे नव्हाहोंचा स्वायत्त प्रदेश, बदलतो, आणि त्याच्या पोटातले होपी, ही दुसरी मूळनिवासी जमात, बदलत नाहीत. फोनचं घड्याळ दिवसभर उड्या मारतं. वाटाड्याशी बोलताना 'कुठली वेळ' हे विचारून घे.

आईला सांग, इथे माणसांपेक्षा हवामानाची भीती जास्त. पावसाची शक्यता असली की अरुंद घळीत शिरायचं नाही, दूरवर पडलेला पाऊसही लोंढा आणतो. ओल्या चिकणमातीच्या रस्त्यावर गाडी घालायची नाही. रोज किमान चार लिटर पाणी. फोनला रेंज नसणार, तेव्हा सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र) घे आणि रोज एका ठरल्या वेळी घरी निरोप धाड. रात्री गाडीचं तोंड रस्त्याकडे, ड्रायव्हरची सीट मोकळी, किल्ली ठरल्या जागी; जागा पटली नाही तर खाली न उतरता निघता आलं पाहिजे.

स्वयंपाकाचं विचारलं नाहीस, तरी सांगते. ब्राइस आठ हजार फुटांवर आहे, तिथे पाणी ९२ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. छोटा कुकर ने. फोडणी बाहेर बाकावर, नाहीतर हिंगाचा वास पांघरुणाला तीन राज्यं सोडत नाही. आणि थंडी वाजली म्हणून गॅस पेटवून झोपायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना हे व्हॅन ताब्यात घेतानाच बघ.

नॅशनल पार्कांचा पास वर्षाचा काढ, अमेरिकेच्या रहिवाशांना ८० डॉलर, ओळखपत्र लागेल. भारतातून कुणी येणार असेल तर २०२६ पासून त्यांना तोच २५०ला पडतो, वर काही मोठ्या पार्कांत वेगळा आकार.

बुक करण्याआधी भाड्याचा करार मात्र नीट वाच. बऱ्याच कंपन्या कच्च्या रस्त्यावर विमा लागू नाही असं बारीक अक्षरात लिहितात, आणि बीएलएमच्या बहुतेक जागा कच्च्या रस्त्यावरच आहेत. नॅचरल ब्रिजेसजवळची मोकी डगवे ही घाटवाट तर तीन मैल खडीची वळणं आहेत, युरेनियमच्या ट्रकांसाठी काढलेली. करारात काय आहे ते इथे लिही, मग मुक्कामाच्या जागा एकेक करून सांगते.