भत्ता थांबलाय, तर आधी हे कर

प्रिय मित्रा,

तुझा बेकारी भत्ता स्थगित झाल्याचं कळलं आणि लगेच लिहायला बसले. पोटात गोळा आला असेल, ठाऊक आहे. पण या पहिल्या काही दिवसांवर पुढचं बरंच अवलंबून आहे, म्हणून आधी कामाचं बोलते.

कार्यालयाचं पत्र पुन्हा एकदा सावकाश वाच. पैसे का थांबले, कोणत्या तारखेपासून थांबले आणि उत्तर किंवा अपील कधीपर्यंत करायचं, हे तीनही मुद्दे वहीत उतरवून काढ. भत्ता सहसा ठरावीक कारणांनीच अडतो. ओळख पटलेली नसते, नोकरी शोधल्याचा पुरावा पोचलेला नसतो, बोलावलेल्या भेटीला माणूस गेलेला नसतो, मधली किरकोळ कमाई कळवलेली नसते, नाहीतर आधीच्या मालकाने ‘स्वतःहून नोकरी सोडली’ असं लिहून दिलेलं असतं. ओळखीचा किंवा पुराव्याचा प्रश्न असेल तर बरेचदा एखादा कागद दिल्यावर गाठ सुटते. मालकाशी वाद असेल तर मात्र अपिलाची तयारी ठेव. कारण नीट लिहिलेलंच नसेल तर ते लेखी माग. नेमकं कारण माहीत नसताना पाठवलेल्या चार पानी कैफियतीचा उपयोग होत नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला भरायचा भत्त्याचा फॉर्म भरत राहा. पैसेच येत नाहीत तर भरायचा कशाला, असं वाटणं साहजिक आहे, आणि नेमकं तिथेच लोकांचं सर्वांत जास्त नुकसान होतं. अनेक ठिकाणी निकाल बाजूने लागला तरी थकबाकी मिळते ती फॉर्म भरलेल्या आठवड्यांचीच. नोकरीसाठी कुठे अर्ज केला, कधी केला, काय उत्तर आलं, ही नोंदही चालू ठेव.

आपल्या हातून काहीतरी चुकलं असणार, असं धरून बसू नकोस. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २०१३ ते २०१५ या काळात एका संगणक प्रणालीने सुमारे ४० हजार लोकांवर भत्त्यात फसवणूक केल्याचा ठपका ठेवला. पुढे तपासणी झाली तेव्हा माणसाने न पाहता यंत्राने दिलेले बहुतेक निर्णय चुकीचे निघाले. कित्येकांना आरोपाचा पत्ताच नव्हता, कारण सूचना त्यांनी उघडणं सोडून दिलेल्या ऑनलाइन खात्यात जाऊन पडल्या होत्या. म्हणून तुझं खातं रोज उघड, आणि पत्ता-फोन बदलला असेल तर आजच कळव.

दाद मागणं म्हणजे कुणाकडे मेहेरबानी मागणं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८८ च्या १६८ क्रमांकाच्या करारात स्पष्ट म्हटलं आहे, की भत्ता नाकारला, थांबवला किंवा कमी केला तर आधी त्या कार्यालयाकडे तक्रार करण्याचा आणि मग स्वतंत्र यंत्रणेकडे अपील करण्याचा हक्क आहे, आणि ही पद्धत सोपी व जलद असावी. अपिलात जाणकार माणसाची किंवा कामगार संघटनेच्या प्रतिनिधीची मदत घेता येते, हेही त्यात आहे. हा करार फार थोड्या देशांनी स्वीकारला आहे, त्यामुळे तुझ्या हातातल्या पत्रातला नियमच शेवटी लागू होईल. पण तू काही जगावेगळं मागत नाहीस, एवढं मनाशी पक्कं असू दे. तुझ्या भागातल्या कामगार संघटनेकडे किंवा मोफत कायदा सल्ला केंद्रात जायला संकोच करू नकोस. ही माणसं अशी पत्रं रोज वाचतात.

फोनवर बोललास तर तारीख, वेळ आणि समोरच्याचं नाव टिपून ठेव आणि त्याच दिवशी तेच लेखी पाठव. पोच घेतल्याशिवाय मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नकोस. तातडीची किंवा हलाखीची मदत मिळते का, हेही विचार. विचारल्याशिवाय ती सहसा कुणी सांगत नाही.

घरमालकाला आणि बँकेला हप्ता चुकायच्या आधीच कळव, पत्राची प्रत दाखव. आधी सांगणाऱ्याला मुदत मिळण्याची शक्यता जास्त असते. छत, अन्न, औषधं, वीज आणि फोन यांचा खर्च आधी, बाकी सगळं नंतर. फोन मी मुद्दाम त्यात धरला आहे, कारण कार्यालयाचा आणि नव्या नोकरीचा निरोप त्याच्यावरच येणार. चढ्या व्याजाचं झटपट कर्ज मात्र घेऊ नकोस. थकबाकी कधी येईल याची खात्री नसते, व्याज मात्र रोज चढतं.

आणि दिवस मोकळा सोडू नकोस. १९२९-३० मध्ये ऑस्ट्रियातल्या मारियनथाल गावात कापडगिरणी बंद पडली. तिथल्या बेकार लोकांचा संशोधकांनी अभ्यास केला तेव्हा दिसलं, की हाताशी वेळच वेळ असूनही लोक ग्रंथालयातून पूर्वीपेक्षा कमी पुस्तकं नेत होते आणि पुरुषांची चालही मंदावली होती. तो आळस नव्हता. दिवसाला आकार उरला नाही की कुणाचंही असंच होतं. सकाळचे दोन तास अर्ज आणि कागदांना दे, मग बाहेर पड, माणसांत जा. घरच्यांपासून हे लपवत असशील तर आजच सांगून टाक. रात्री झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटायला लागलं असेल, तर कुठल्याही वेळी मला फोन कर आणि डॉक्टरांनाही भेट.

पत्राचा फोटो आज संध्याकाळपर्यंत मला पाठव, मागच्या पानासकट. अपिलाची मुदत बरेचदा तिथेच बारीक अक्षरात छापलेली असते. मसुदा तू लिही, मी तपासून देते.

तुझी,
ताई